भुताचा पंचनामा

भुताटकीचा तपास करणाऱ्या गुप्तहेराची इंग्रजी कथासाहित्यातली परंपरा सहसा डॉ. मार्टिन हेसेलियस या जर्मन वैद्यापासून मोजली जाते. हा वैद्य कल्पित. डब्लिनचे लेखक जोसेफ शेरिडन ल फानू यांनी तो निर्माण केला. १८६९ मध्ये चार्ल्स डिकन्स यांच्या 'ऑल द इयर राउंड' या साप्ताहिकात 'ग्रीन टी' ही कथा क्रमशः आली आणि १८७२ मध्ये 'इन अ ग्लास डार्कली' हा तीन खंडांचा संग्रह निघाला. त्यातल्या पाच कथा हेसेलियसच्या दप्तरातून काढलेली प्रकरणे म्हणून मांडलेल्या आहेत. रोग्याची जबानी, वैद्याचे टिपण, मधल्या चिटणिसाची प्रस्तावना असा सगळा थाट. भूतकथा पहिल्यांदाच फाइलमध्ये बांधली गेली.

'ग्रीन टी'मधला रोगी आहे रेव्हरंड जेनिंग्ज. सज्जन, अभ्यासू धर्मगुरू. प्राचीन काळच्या ख्रिस्तेतर धर्मांवर ग्रंथ लिहिताना तो रात्ररात्र जागतो आणि जागण्यासाठी कडक हिरवा चहा पितो. एका संध्याकाळी घोडागाडीच्या बसमधून घरी जाताना समोरच्या अंधाऱ्या कोपऱ्यात त्याला दोन लाल ठिपके दिसतात. ते एका लहानशा काळ्या माकडाचे डोळे असतात. माकड त्याच्यामागे घरी येते आणि मग त्याला सोडत नाही. तो प्रार्थना वाचू लागला की उघड्या पोथीवर येऊन बसते, अक्षर दिसू देत नाही. पुढे ते बोलू लागते. हेसेलियस सगळे शांतपणे ऐकून घेतो, धीर देतो, आणि प्रकरणाचा निवांत विचार करता यावा म्हणून शहराबाहेरच्या एका खानावळीत जाऊन बसतो, पत्ता न ठेवता. त्याच रात्री माकड परत येते. जेनिंग्जची चिठ्ठी वैद्याच्या हाती पडते तोवर फार उशीर झालेला असतो. जेनिंग्जने वस्तऱ्याने गळा चिरून घेतलेला असतो. हेसेलियसची त्यानंतरची टिपणी वाचवत नाही. अशा दृष्टीचे ५७ रोगी आपण हाताळले, असे तो लिहितो. जेनिंग्जवर उपचार सुरूच झाले नव्हते, म्हणून हे अपयश तो आपल्या खात्यावर धरत नाही.

या परंपरेचा कणा पहिल्याच कथेत तयार झालेला दिसतो. जाणकार तपासतो, पुरावा गोळा करतो, कारण सांगतो, आणि तरीही काही तरी त्याच्या हातून निसटते. माकड खरे होते की थकलेल्या मेंदूचा खेळ, हे ल फानू सांगत नाहीत. पत्नीच्या १८५८ मधल्या मृत्यूनंतर ते स्वतः लोकांत मिसळेनासे झाले होते, इतके की डब्लिनकर त्यांना 'अदृश्य राजपुत्र' म्हणत. १८७३ च्या फेब्रुवारीत, संग्रह निघाल्यावर काही महिन्यांतच, ते वारले. हेसेलियसची आणखी प्रकरणे लिहिली गेली नाहीत.

हेसेलियसच्या मागे दोन जुने प्रवाह होते. पहिला गॉथिक कादंबरीचा. होरेस वॉलपोल यांच्या 'द कासल ऑफ ओट्रँटो'ने १७६४ मध्ये तो सुरू केला. पडके किल्ले, भुयारे, शापित घराणी आणि बापजाद्यांची पापे ही त्याची सामग्री. या प्रवाहाला लवकरच दोन फाटे फुटले. अ‍ॅन रॅडक्लिफ बाईंच्या 'द मिस्टरीज ऑफ उडॉल्फो'मध्ये (१७९४) शेवटी प्रत्येक भयाचा लौकिक उलगडा होतो. मॅथ्यू लुईस यांच्या 'द मंक'मध्ये (१७९६) मात्र सैतान खराच हजर होतो. भूत खरे की बनाव, हा प्रश्न असा सुरुवातीपासूनच गॉथिकच्या पोटात होता. मात्र त्याचा तपास करणारे पात्र नव्हते. नायिका घाबरे, पळे, बेशुद्ध पडे. पण पुरावे ताडून पाहण्याचे काम कुणाचेच नसे.

ते काम दुसऱ्या प्रवाहातून आले. लंडनच्या महानगर पोलिसांची स्थापना १८२९ ची आणि त्यांच्या गुप्तहेर शाखेची १८४२ ची. दोन निरीक्षक आणि सहा सार्जंट, एवढ्यावर ही शाखा सुरू झाली. डिकन्सनी १८५० मध्ये या माणसांना आपल्या तेव्हाच्या साप्ताहिकाच्या कचेरीत बोलावून त्यांच्या हकिगती ऐकल्या आणि त्यांवर लेख लिहिले. त्यांच्या 'ब्लीक हाउस'मधला (१८५२-५३) इन्स्पेक्टर बकेट त्याच ओळखीतून आला. विल्की कॉलिन्स यांच्या 'द मूनस्टोन'मध्ये (१८६८) सार्जंट कफ अवतरला. या कादंबरीतला हिरा सोमनाथाच्या मूर्तीचा, १७९९ च्या श्रीरंगपट्टणाच्या लुटीत इंग्रज अधिकाऱ्याने पळवलेला. त्यावरचा शाप आणि रंग लागलेल्या कपड्याचा पुरावा, दोन्ही एकाच कथानकात नांदतात. शाप खरा ठरत नाही, पण त्याची सावली शेवटपर्यंत हलत नाही. पोलिसी तपास आणि गॉथिक भय एकमेकांच्या इतके जवळ आल्यावर हेसेलियस काही फार दूर नव्हता.

तरीही केवळ साहित्यातल्या घडामोडींनी ही परंपरा फोफावली नसती. खऱ्याखुऱ्या लंडनमध्ये त्या काळी भुतांचा तपास चालू होता आणि तो करणारी माणसे विद्यापीठांतली होती. १८४८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड्सव्हिल गावी फॉक्स कुटुंबातल्या दोन मुलींनी मृतात्म्यांशी टकटकीच्या खुणांनी संवाद साधल्याचे सांगितले आणि परलोकवादाची लाट उठली. चार-पाच वर्षांत ती इंग्लंडला पोचली. अंधाऱ्या दिवाणखान्यात हातात हात धरून बसायचे, टेबल हलू लागले की प्रश्न विचारायचे, 'माध्यम' म्हणवणाऱ्या बाईच्या तोंडून मेलेल्या मुलाचा आवाज ऐकायचा, हे घरोघर होऊ लागले. त्या काळी बालमृत्यू दर घराला माहीत होते. त्या टेबलांभोवती बसणाऱ्यांत शोकाकुल आईबाप होते, हे विसरून चालत नाही. फॉक्स भगिनींपैकी मार्गारेटने १८८८ मध्ये पायाच्या बोटांचे सांधे वाजवून आपण आवाज काढत होतो, अशी जाहीर कबुली दिली. लाट काही त्याने ओसरली नाही.

थॅलियम या मूलद्रव्याचा शोध लावणारे विल्यम क्रुक्स हे नामवंत रसायनशास्त्रज्ञ. १८७० च्या दशकात त्यांनी डॅनियल होम आणि फ्लोरेन्स कुक या माध्यमांवर आपल्या परीने प्रयोग केले आणि त्यात तथ्य असल्याचे लिहिले. सहकारी शास्त्रज्ञ बिथरले. याच क्रुक्स यांनी निर्वात काचनळीतून वीज सोडून अनोखी प्रभा निर्माण केली, आणि तसल्याच नळीवर काम करताना १८९५ मध्ये रोंटगेन यांना क्ष-किरण सापडले. डोळ्यांना न दिसणारे काही तरी भिंतीआडून, मांसाआडून आरपार जाते हे प्रयोगशाळेत सिद्ध झाल्यावर 'न दिसणारे म्हणजे नसलेले' हा युक्तिवाद लंगडा पडला. भूतशोधकाच्या कथा त्यानंतरच्या पंधरा वर्षांत दाटीने आल्या. त्या वर्षांतल्या वाचकाच्या मनाची ठेवण याने बरीच उलगडते.

२० फेब्रुवारी १८८२ रोजी लंडनमध्ये 'सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च' स्थापन झाली. केंब्रिजचे नीतिशास्त्राचे प्राध्यापक हेन्री सिजविक तिचे पहिले अध्यक्ष. फ्रेडरिक मायर्स आणि एडमंड गर्नी हे तिचे राबते कार्यकर्ते. 'टेलिपथी' हा शब्द मायर्स यांनीच त्या वर्षी घडवला. पछाडलेल्या घरांसाठी, संमोहनासाठी, विचारसंक्रमणासाठी वेगवेगळ्या समित्या नेमल्या गेल्या. साक्षीदारांना पत्रे गेली, प्रत्यक्ष भेटून जबान्या घेतल्या गेल्या, तारखा मृत्यूच्या दाखल्यांशी ताडल्या गेल्या. १८८६ च्या 'फँटॅझम्स ऑफ द लिव्हिंग' या दोन खंडांत अशी सातशेच्या आसपास प्रकरणे आहेत. पुढे १७,००० लोकांना एकच प्रश्न विचारून भासांची शिरगणती झाली. तिचा अहवाल १८९४ मध्ये आला. भुतांची शिरगणती म्हटल्यावर आज हसू येईल, पण त्या कामातली चिकाटी आणि सचोटी अस्सल होती.

या संस्थेच्या एका तपासाचा धागा मुंबईपर्यंत येतो. थिऑसॉफिकल सोसायटीच्या मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑलकॉट १८७९ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले. त्यांचे बिऱ्हाड प्रथम गिरगावात होते; १८८२ च्या अखेरीस त्यांनी मद्रासजवळ अड्यार येथे मुक्काम हलवला. हिमालयातले 'महात्मे' आपल्याला पत्रे पाठवतात, ती छतातून खाली पडतात किंवा अड्यारच्या एका लाकडी देव्हाऱ्यात प्रकटतात, असा दावा होता. मुंबईपासून त्यांच्याकडे कामाला असलेल्या एमा कुलोम या बाईने १८८४ मध्ये हे सगळे हातचलाखीचे असल्याचा आरोप केला. तिच्याकडची पत्रे मद्रासच्या ख्रिस्ती महाविद्यालयाच्या नियतकालिकाने छापली. संस्थेने रिचर्ड हॉजसन या तरुण अभ्यासकाला हिंदुस्थानात धाडले. तो पोचला तेव्हा देव्हारा नाहीसा झाला होता. थिऑसॉफिकल सोसायटीतल्याच लोकांनी तो जाळून टाकला होता. उरली होती भिंत. देव्हाऱ्यामागच्या त्या भिंतीला मादामच्या निजायच्या खोलीच्या बाजूने भोक होते का, ते केव्हा पाडले, केव्हा बुजवले, कोणी पाहिले, हे हॉजसनने एकेका माणसाला विचारले. मग पत्रांतली अक्षरे वळणावळणाने ताडली. १८८५ च्या त्याच्या अहवालात निष्कर्ष स्पष्ट होता: पत्रे बनावट, आणि बहुतांश मादामनेच लिहिलेली. सुमारे शंभर वर्षांनी, १९८६ मध्ये, त्याच संस्थेच्या नियतकालिकात व्हर्नन हॅरिसन या हस्ताक्षरतज्ज्ञाने हॉजसनची तपासपद्धती एकतर्फी होती, असे दाखवून दिले. स्वतः हॉजसन १८८७ मध्ये बोस्टनला गेला, तिथे लिओनोरा पायपर या माध्यम स्त्रीचा वर्षानुवर्षे तपास करत राहिला, आणि अखेर मृतात्म्यांवर विश्वास ठेवू लागला. कथांमधल्या कुठल्याही भूतशोधकाचा प्रवास या खऱ्या माणसाइतका लांबचा नाही.

संस्थेच्या स्थापनेनंतर पंधरा वर्षांनी, २६ मे १८९७ रोजी, ब्रॅम स्टोकर यांची 'ड्रॅक्युला' प्रसिद्ध झाली. काउंटचे सुळे आणि वटवाघळे सर्वांच्या ध्यानात राहतात. पण कादंबरीचा मोठा भाग हा चक्क दप्तरी तपास आहे. डॉ. सेवर्ड आपली रोजनिशी फोनोग्राफवर बोलून नोंदवतो. मीना हार्कर ती टंकयंत्रावर उतरवते, सगळ्यांच्या रोजनिश्या, तारा आणि कात्रणे तारीखवार लावते आणि प्रती काढते. वैद्यक आणि कायदा दोन्ही शिकलेला प्राध्यापक व्हॅन हेल्सिंग त्या जुडग्यावरून पुढचे डाव आखतो.

त्यातला पेट्यांचा माग जवळून पाहण्यासारखा आहे. ड्रॅक्युलाने ट्रान्सिल्व्हेनियातून मातीने भरलेल्या ५० पेट्या जहाजाने व्हिटबीला आणल्या आहेत. त्या मातीतच तो दिवसा विसावू शकतो. त्या पेट्या मालाच्या पावत्यांनिशी रेल्वेने लंडनला आल्या आणि परफ्लीटच्या कारफॅक्स वाड्यात उतरल्या. शोध घेणारे रात्री तिथे शिरतात तेव्हा २९ च सापडतात. उरलेल्या २१ कुठे? जोनाथन हार्कर हा व्यवसायाने वकील. तो हमालांना आणि गाडीवानांना गाठतो, त्यांना बिअर पाजतो, मळक्या टिपणवहीतले नीट न लिहिलेले पत्ते वाचतो. सहा पेट्या माइल एंडला, सहा बर्मंडसीला, नऊ पिकॅडिलीच्या एका घरात. पिकॅडिलीला नऊपैकी आठच निघतात आणि त्या एका गहाळ पेटीवर उरलेली सगळी कादंबरी धावते. शेकडो वर्षांच्या पिशाचाला धरले ते लंडनच्या हमालाच्या टिपणवहीने. गॉथिक आणि तपास यांची सांधेजोड इतकी घट्ट पुन्हा क्वचितच झाली.

कादंबरीत हे जमले. मासिकांत त्याची साखळी झाली. 'स्ट्रँड' मासिक १८९१ च्या जानेवारीत निघाले. जुलैपासून त्यात शेरलॉक होम्सच्या सुट्या कथा येऊ लागल्या, प्रत्येक अंकात एक पूर्ण कथा आणि नायक तोच. वाचकांना हा साचा फार आवडला. १८९३ च्या डिसेंबरात आर्थर कॉनन डॉइल यांनी होम्सला रायशनबाखच्या धबधब्यात लोटून दिले. मग इतर मासिकांचे संपादक नव्या नायकाच्या शोधात लागले, आणि नायकांना वेगळेपण द्यायचे तर भुतांचा प्रांत मोकळा होता.

एल. टी. मीड आणि रॉबर्ट यूस्टेस यांच्या 'अ मास्टर ऑफ मिस्टरीज'मधला (१८९८) जॉन बेल हा भुतांचे पितळ उघडे पाडणारा. पछाडलेली जागा दिसली की तो विज्ञानाच्या साधनांनिशी तिथे जातो आणि दर वेळी लौकिक कारण शोधून काढतो. एका कथेत रेल्वेच्या बोगद्यापाशी सिग्नलवाले एकामागून एक मरतात आणि मारेकरी निघतो जमिनीतून झिरपणारा विषारी वायू. कथा चतुर आहेत. पण दोन-तीन वाचल्यावर उत्तराची दिशा आधीच कळते आणि भीती मरते.

फ्लॅक्समन लो याची गोष्ट बरोबर उलटी. 'पिअर्सन्स मॅगझिन'मध्ये १८९८-९९ साली त्याच्या बारा कथा आल्या, त्याही 'खऱ्या भुतांच्या गोष्टी' म्हणून. लेखक म्हणून ई. आणि एच. हेरॉन ही नावे होती. त्यांमागे होते केट प्रिचर्ड आणि त्यांचा मुलगा हेस्केथ. ही आई-मुलाची जोडी हिंदुस्थानशी बांधलेली आहे. हेस्केथचा जन्म १८७६ मध्ये झाशीचा. लष्करात असलेले वडील त्याच्या जन्माआधी काही आठवड्यांतच तापाने गेले होते, आणि आई तान्ह्या पोराला घेऊन इंग्लंडला परतली. पुढे दोघांनी मिळून लिहायला सुरुवात केली. त्यांचा लो मानसशास्त्रज्ञ आहे आणि भुते निसर्गाच्याच नियमांत बसतात, फक्त ते नियम अजून आपल्याला नीट कळलेले नाहीत, असे त्याचे ठाम मत आहे. 'बेलब्रो' कथेत एका जुन्या घरातले भूत पिढ्यान्‌पिढ्या फारसे कुणाला न त्रासता राहत असते. मग घरात इजिप्तची ममी येते आणि भुताला शरीर मिळते. माणसे मरू लागतात. शेवट पिस्तुलाने आणि आगीने होतो. लोच्या कथांत भूत बहुधा खरे असते, आणि म्हणूनच त्याही एका बाजूला कलतात. भीती मात्र त्यांत पुरेपूर आहे.

डॉइल १८९३ मध्येच सायकिकल रिसर्च सोसायटीचे सभासद झाले होते. १९०१ च्या ऑगस्टपासून १९०२ च्या एप्रिलपर्यंत 'स्ट्रँड'मध्ये त्यांची 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' चालली. होम्सचा मृत्यू त्यांनी अजून मागे घेतला नव्हता, म्हणून ही आधीच्या काळातली हकिगत म्हणून दिली. डार्टमूरच्या ओसाड माळावर घराण्याचा शाप, १७४२ चे हस्तलिखित, प्रेताजवळ उमटलेल्या अवाढव्य पंजांच्या खुणा, सगळी गॉथिक सामग्री हजर आहे. हॉटेलातून प्रथम एक नवा बूट चोरीला जातो, मग तो परत मिळतो आणि जुना बूट नाहीसा होतो. होम्सला सगळे त्यातच उमगते: कुत्र्याला वास द्यायचा तर वापरलेलाच बूट लागतो, आणि भुताटकीच्या कुत्र्याला बूट लागत नाही. कादंबरीचे भय या उलगड्यानंतरही टिकते. कारण कुत्रा खरोखरच प्रचंड आहे आणि धुक्यातून धावत येताना त्याच्या तोंडाभोवती फॉस्फरसची आग आहे.

व्हिक्टोरिया राणी १९०१ मध्ये वारली, पण तिच्या काळाने रचलेला भूतशोधक तिच्यामागेच भरात आला. अल्जर्नन ब्लॅकवुड यांचा 'जॉन सायलेन्स' संग्रह १९०८ मध्ये निघाला. प्रकाशक एव्हली नॅश यांनी लंडनभर मोठाली जाहिरातफलके लावली, पुस्तक खपले. ब्लॅकवुड स्वतः गूढविद्येच्या 'गोल्डन डॉन' मंडळात काही काळ होते. त्यांचा सायलेन्स हा श्रीमंत डॉक्टर आहे, गरिबांकडून पैसे घेत नाही आणि त्याच्याकडे येणारे रोगी बहुधा आत्म्याच्या दुखण्याचे असतात. एका कथेत विनोदी लेखक फीलिक्स पेंडर गांजाच्या अर्काचा प्रयोग करतो आणि त्याची हसवण्याची शक्तीच नाहीशी होते; त्याच्या घरात कुणी तरी दुष्ट शिरलेले असते. सायलेन्स त्या घरात रात्र काढायला एक मांजर आणि एक कुत्रा घेऊन जातो. आपल्या डोळ्यांवर त्याचा भरवसा नाही, मुक्या जनावरांवर आहे. शेकोटीपाशी मांजर अदृश्य काही तरी पाहून घुरघुरू लागते, शेपटी उंचावून जणू कुणाच्या पायांना अंग घासते. कुत्रा मात्र कोपऱ्यात अंग चोरून थरथरत राहतो. भूत दाखवण्याची याहून परिणामकारक रीत त्या काळच्या साहित्यात क्वचितच सापडेल.

विल्यम होप हॉजसन यांचा कार्नॅकी हा या परंपरेचा सर्वांत सच्चा माणूस म्हणावा लागेल. हे हॉजसन आणि अड्यारचा तपास करणारा हॉजसन वेगळे. विल्यम हॉजसन आधी जहाजावर खलाशी होते, मग ब्लॅकबर्न गावी त्यांनी व्यायामशाळा काढली. १९०२ मध्ये त्याच गावी आलेल्या जादूगार हुडिनीला त्यांनी बेड्या घालून आव्हान दिले होते. बनाव आणि शक्ती यांतला फरक हाताने तपासण्याची त्यांना सवय होती. १९१० च्या जानेवारीपासून 'आयडलर' मासिकात कार्नॅकीच्या कथा आल्या आणि १९१३ मध्ये सहा कथांचे पुस्तक झाले. चेल्सीच्या चेनी वॉकवरच्या घरी तो चार मित्रांना जेवायला बोलावतो, जेवण झाल्यावर खुर्चीत बसून हकिगत सांगतो आणि संपली की सगळ्यांना बाहेर काढतो. जाणकार बोलणार आणि सामान्य माणूस ऐकून लिहून ठेवणार, ही बैठक मराठी वाचकाला परकी वाटणार नाही. नारायण धारप यांचा 'समर्थ' आणि त्याच्या हकिगती सांगणारा अप्पा याच रचनेतून वावरतात.

कार्नॅकीची रीत अशी. खोलीत शिरायच्या आधी तो दार-खिडक्या, जमीन, तक्तपोशी इंचाइंचाने ठोकून पाहतो. मग दारांना फिती आणि केस चिकटवून मोहोरबंद करतो. माणूस गेला तर तुटतील, भूत गेले तर कदाचित तुटणार नाहीत. कॅमेरा आणि झगझगाटी पावडर तयार ठेवतो. त्यानंतर जमिनीवर खडूचे वर्तुळ, एका जुन्या हस्तलिखितातल्या खुणा, पाण्याच्या वाट्या, मेणबत्त्या. आणि या सगळ्याच्या मध्ये त्याने स्वतः बनवलेले 'विजेचे पंचकोन' नावाचे यंत्र, बॅटरीवर निळसर उजळणाऱ्या निर्वात काचनळ्यांचे. क्रुक्स यांच्या प्रयोगशाळेतली नळी इथे मंतरलेल्या रिंगणाला जोडलेली आहे. त्या निळ्या उजेडाच्या आत बसून तो पहाटेची वाट पाहतो, आणि तो घाबरतो हे लपवत नाही. हात थरथरले, घाम फुटला, पळून जावेसे वाटले, हे तो मित्रांना सरळ सांगतो.

आणि निकाल? तो आधी कळत नाही, यातच या कथांचे सामर्थ्य आहे. 'द थिंग इनव्हिजिबल'मध्ये देवघरातला खंजीर आपोआप सुटून माणसाला भोसकतो. त्यामागे जुनी कळ निघते. एका कथेत पडक्या वाड्यात रक्त ठिबकते; ते टोळीचे काम निघते. 'द व्हिसलिंग रूम'मध्ये आयर्लंडच्या एका गढीतली खोली शीळ घालते, आणि जमीन फुगून तिला प्रचंड ओठ फुटतात तेव्हा बनावाचे एकही स्पष्टीकरण उरत नाही. 'द हॉर्स ऑफ द इनव्हिजिबल'मध्ये तर टापा वाजवणारा तोतया पकडला जातो आणि त्याच क्षणी खरीखुरी टाप ऐकू येते. बेल दर वेळी नाही म्हणतो, लो बहुधा हो म्हणतो. कार्नॅकी पंचनामा संपेपर्यंत काहीच म्हणत नाही. सिजविक आणि मायर्स यांनी तीस वर्षांपूर्वी जी वृत्ती मागितली होती, ती एका खलाशाने कथेत उतरवली.

पुढची वर्षे महायुद्धाची. अ‍ॅलिस आणि क्लॉड अ‍ॅस्क्यू या जोडप्याचा एल्मर व्हान्स हा भूतशोधक १९१४ मध्ये एका साप्ताहिकात अवतरला. १९१७ मध्ये त्यांचे जहाज पाणतीराने बुडवले गेले आणि दोघेही समुद्रात गेले. विल्यम होप हॉजसन तोफखान्यात होते. १९१८ च्या एप्रिलमध्ये ईप्रजवळ तोफगोळ्याने त्यांचा मृत्यू झाला, वय चाळीस. हेस्केथ प्रिचर्डने इंग्रज सैन्यात नेमबाजांचे शिक्षण उभे केले, त्यावर पुस्तक लिहिले आणि १९२२ मध्ये तो आजारपणात वारला. कार्नॅकीच्या उरलेल्या तीन कथांसह नऊ कथांचे पुस्तक अमेरिकेत निघायला १९४७ उजाडले.

डॉइल मात्र राहिले, आणि बदलले. १९१६ पासून त्यांनी परलोकवादाचा जाहीर प्रचार सुरू केला. त्यांचा मुलगा किंग्जली, सोमच्या लढाईत जखमी झालेला, १९१८ मध्ये तापाने गेला. १९२० च्या डिसेंबरात कॉटिंग्लीच्या दोन मुलींनी काढलेली पऱ्यांची छायाचित्रे खरी मानून त्यांनी 'स्ट्रँड'मध्ये लेख लिहिला. त्याच मासिकात १९२४ च्या जानेवारीत होम्सची 'द ॲडव्हेंचर ऑफ द ससेक्स व्हँपायर' आली. एक आई आपल्या तान्ह्या बाळाच्या मानेचे रक्त पिताना पकडली गेली आहे. होम्स पिशाचाची कल्पना पत्र वाचताक्षणी उडवून लावतो आणि ससेक्सला जातो. भिंतीवरची दक्षिण अमेरिकी हत्यारे आणि मागच्या पायांनी लंगडणारा घरातला कुत्रा यांवरून तो ताडतो की आई बाळाच्या अंगातले विष चोखून काढत होती, आणि विषारी बाण टोचणारा होता बाळाचा मत्सरी सावत्र भाऊ.